एका पिंपातले चौदा नाग

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा पात्र सोडून शिरोळ तालुक्यात शिरल्या, तेव्हा माणसांनी मिळेल ती उंच जागा गाठली. सापांनीही तेच केले. उसात, बांधावर, ओढ्याकाठच्या बिळांत राहणारा हा जीव पाणी चढू लागले की भिंतीच्या कपारीत, गोठ्याच्या आढ्यावर, सरपणाच्या ढिगात येऊन बसतो. पूर ओसरल्यावर लोक घरातला गाळ उपसायला लागतात आणि दंश तेव्हा होतात. २००५ असो, २०१९ असो की २०२१, इथल्या सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या कुणालाही हे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे सर्पदंशावर जे औषध देतात, त्या प्रतिसर्पविष लसीची गोष्ट अशाच एका पुरापासून सुरू होते. फक्त गाव शिरोळचे नव्हे, व्हिएतनामच्या दक्षिण टोकाजवळचे, आणि साल १८९१. त्या गोष्टीतला माणूस म्हणजे अल्बेर काल्मेत. नाव अनोळखी वाटेल, पण त्यांची खूण तुमच्या-आमच्या डाव्या दंडावर आहे. बीसीजी या अक्षरांतला ‘सी’ म्हणजेच काल्मेत.

काल्मेत यांचा जन्म १२ जुलै १८६३ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात झाला. मुलाला दर्यावर्दी व्हायचे होते. अखेर तो आरमारात गेला, पण डॉक्टर म्हणून. पहिल्याच नेमणुकीत हाँगकाँगला पॅट्रिक मॅन्सन यांची गाठ पडली. हत्तीरोगाचे जंतू डासांच्या शरीरात वाढतात हे दाखवणारे हेच ते मॅन्सन. रोगी तपासून झाल्यावर रात्री सूक्ष्मदर्शक घेऊन बसायचे, ही सवय तरुण काल्मेत यांना तिथून लागली असावी असे मला वाटते. पुढे आफ्रिकेचा पश्चिम किनारा झाला, उत्तर अटलांटिकमधली कोळ्यांची बेटे झाली. १८९० मध्ये ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू यांच्या हाताखाली जंतुशास्त्र शिकले आणि पुढच्याच वर्षी सायगावला रवाना झाले. फ्रान्सबाहेरची पाश्चर संस्थेची पहिली शाखा तिथे उभारायची होती. काम होते देवीची आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरची लस तयार करण्याचे. साप त्या यादीत नव्हता.

ऑक्टोबर १८९१ मध्ये बाक ल्येऊजवळच्या एका खेड्यात पुराच्या पाण्याबरोबर नागांचा लोंढा घुसला. चाळीस माणसांना दंश झाले, त्यांतली चार दगावली. गावातल्या एका पट्टीच्या साप पकडणाऱ्याने एकोणीस नाग धरून लाकडी पिंपात कोंडले. तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्याने ते पिंप तसेच सायगावला काल्मेत यांच्याकडे धाडून दिले. पिंप उघडले तेव्हा चौदा नाग जिवंत होते.

दुसरा कुणी असता तर त्याने ते पिंप परत बंद केले असते. काल्मेत यांनी विष काढायला सुरुवात केली. ससे, गिनीपिग, कोंबड्या, माकडे यांच्यावर किती विषाने किती वेळात मृत्यू येतो ते मोजले. उतारा म्हणून सोन्याचे क्षार, चुन्याची भुकटी असे रासायनिक पदार्थ टोचून पाहिले. विषाला नळीत मारणारी रसायने कितीतरी सापडली, पण शरीरात शिरलेल्या विषापर्यंत ती पोहोचत नव्हती. १८९३ मध्ये ते आजारी पडून फ्रान्सला परतले.

तोवर जंतुशास्त्राची हवा बदलली होती. बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्येच दाखवून दिले होते, की प्राण्याला घटसर्पाचे किंवा धनुर्वाताचे विष बेताबेताने टोचत गेले तर त्याच्या रक्तद्रवात त्या विषाचा प्रतिकार करणारे काहीतरी तयार होते आणि तो रक्तद्रव दुसऱ्याला देता येतो. सापाच्या विषाचेही तसेच असेल का? काल्मेत यांनी प्राण्यांना नागाचे विष अगदी थोडे, मग जरा जास्त, मग आणखी जास्त असे टोचले आणि त्यांचा रक्तद्रव खरोखरच विषाला नमवतो असे आढळले. १० फेब्रुवारी १८९४ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र परिषदेत त्यांनी हे मांडले. गंमत अशी की त्याच दिवशी, त्याच सभेत फिसालिक्स आणि बेर्त्राँ या दोघांनी युरोपातल्या व्हायपर सापाच्या विषाबाबत तोच शोध जाहीर केला. पहिला कोण, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. जगाने नाव मात्र काल्मेत यांचे लक्षात ठेवले, कारण १८९५ मध्ये लील शहरात नव्या पाश्चर संस्थेचे प्रमुख झाल्यावर त्यांनी घोड्यांपासून हा रक्तद्रव मोठ्या प्रमाणावर तयार केला, बाटल्यांत भरला आणि साप चावतात त्या देशांकडे पाठवला. त्यात हिंदुस्थान अर्थातच होता.

इथपर्यंत सरळ यशोगाथा आहे. खरी गोष्ट इथून पुढची, आणि ती मुंबईत परळला घडते.

काल्मेत यांची ठाम समजूत होती की नागाच्या विषापासून केलेला हा रक्तद्रव सगळ्याच विषारी सापांवर चालेल. ही समजूत हवेतून आलेली नव्हती. त्यांनी निरनिराळी विषे तापवून पाहिली होती. तापवल्यावर व्हायपर जातीच्या विषाचा सूज आणणारा, रक्तस्राव करणारा भाग नाहीसा होई आणि मज्जातंतूंवर काम करणारा भाग उरे. त्यावरून त्यांनी ताडले की प्राण घेणारे मूळ विष सगळ्या सापांत एकच आहे, बाकीचा सगळा स्थानिक त्रास आहे. आज हे वाचताना चूक कुठे झाली ते लगेच कळते. नागाच्या विषातले मुख्य घातक प्रथिन लहानसे असते, साधारण साठ-सत्तर अमिनो आम्लांचे, आणि गंधकाच्या बंधांनी घट्ट शिवलेले. ते उष्णतेला दाद देत नाही. घोणशीच्या विषातली मोठी, नाजूक एन्झाइमे उष्णतेने मोडतात, आणि घोणस मारते ती याच एन्झाइमांनी. म्हणजे काल्मेत यांनी विस्तवावर ठेवून जे नाहीसे केले, तोच खुनी होता.

अर्थात हे कळायला त्यांच्याकडे साधन नव्हते. सापाचे विष प्रथिनांचे असते, हे नेपोलियनचा पुतण्या शार्ल ल्यूसियाँ बोनापार्ट याने १८४३ मध्ये सांगितले होते. अमेरिकेत वायर मिचेल आणि राइकर्ट यांनी १८८६ मध्ये दाखवले की विष म्हणजे एक पदार्थ नाही, अनेक प्रथिनांचे मिश्रण आहे. पण त्या मिश्रणातला कुठला घटक काय करतो, हे वेगळे काढून पाहायची सोय नव्हती.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा होती. तीच आजची हाफकिन संस्था. प्लेगच्या धामधुमीतही तिथे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला कॅप्टन जॉर्ज लँब हा स्कॉटिश डॉक्टर सापांच्या विषावर काम करत होता. काल्मेत यांच्या लीलमध्ये घोणस नव्हती; लँबच्या दारात होती. १९०२ मध्ये लँब आणि हॅना यांनी घोणशीच्या विषाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. विष भरपूर गेले तर प्राण्याचे रक्त नसांतच गोठून तो काही मिनिटांत मरतो. कमी गेले तर उलट रक्त गोठण्याची शक्तीच हरवते. नागाच्या विषात यातले काही दिसत नाही. आणि काल्मेत यांचा रक्तद्रव या विषापुढे निष्प्रभ ठरला.

त्याच वर्षी लँब यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आणखी एक लेख लिहिला. माझ्या मते प्रयोगशाळेत सापाच्या प्रथिनांची ओळख पटवण्याच्या भारतातल्या आरंभीच्या प्रयत्नांत तो मोडतो. पद्धत साधी होती. सशाला नागाचे विष थोडे थोडे टोचत जायचे. काही आठवड्यांनी त्याचा रक्तद्रव काढून काचेच्या नळीत नागाच्या विषाच्या द्रावणात मिसळायचा. स्वच्छ द्रव गढूळ होतो आणि तळाशी साका बसतो, कारण रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांनी आपले ओळखीचे प्रथिन धरलेले असते. मग तोच रक्तद्रव दुसऱ्या सापाच्या विषात मिसळून पाहायचा. साका बसतो की नाही आणि किती, यावरून दोन विषांतली प्रथिने सारखी की वेगळी याचा अंदाज बांधता येतो. वीज नको, महागडे यंत्र नको. एक ससा, चार नळ्या आणि धीर. पुढच्या दोन वर्षांत लँब यांनी निरनिराळ्या सापांची विषे आणि निरनिराळे रक्तद्रव यांच्या जोड्या लावून पाहिल्या आणि निष्कर्ष काढला, की ज्या सापाचे विष घोड्याला दिले त्याच सापावर तो रक्तद्रव भरवशाचा. त्याआधी ऑस्ट्रेलियातून सी. जे. मार्टिन यांनीही तिथल्या सापांबाबत तीच तक्रार केली होती आणि ब्राझीलमध्ये विताल ब्राझील तेच सांगत होते.

वाद कडू झाला. काल्मेत यांच्यासारखा मोठा माणूस सहजासहजी मागे हटत नाही. ते हटायला वेळच लागला. पण १९०७ साली विषांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला तोवर व्हायपर जातीच्या सापांसाठी वेगळी तजवीज हवी हे त्यांनाही मानावे लागले होते. यथावकाश अनेक सापांची विषे एकत्र टोचून बहुविषी लस करण्याची रीत जगभर पडली. आपली आजची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते, ती या वादाचे फळ आहे.

लीलमधल्या पंचवीस वर्षांत काल्मेत यांनी केलेली बाकीची कामे सांगायची तर दुसरा लेख लागेल. खाणकामगारांमधला हुकवर्म, शहराच्या सांडपाण्याचे जैविक शुद्धीकरण, क्षयरोग्यांसाठी मोफत दवाखाना हे सारे त्यांत आले. १९०८ च्या सुमारास पशुवैद्य कामीय गेरँ यांच्याबरोबर त्यांनी गाईच्या क्षयजंतूला पित्त घातलेल्या बटाट्यावर वाढवायला घेतले. दर तीन आठवड्यांनी नव्या बटाट्यावर, असे २३० वेळा, तेरा वर्षे. मध्ये पहिले महायुद्ध झाले, लील जर्मनांच्या ताब्यात गेले, पत्नीला ओलीस म्हणून जर्मनीत नेले. त्याच्या थोडे आधी, १९१४ च्या मार्चमध्ये, भाऊ गास्ताँ याला, जो ‘फिगारो’ या पॅरिसच्या दैनिकाचा संपादक होता, एका मंत्र्याच्या बायकोने त्याच्या कचेरीत जाऊन गोळ्या घातल्या. बटाटे बदलणे मात्र चालू राहिले. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये, क्षयाने आई गेलेल्या एका तान्ह्या बाळाला पहिली बीसीजी तोंडावाटे देण्यात आली.

आणि मग ल्यूबेक. १९३० मध्ये जर्मनीतल्या त्या शहरात बीसीजी दिलेल्या बाळांपैकी बहात्तर दगावली. चौकशीत निघाले की तिथल्या प्रयोगशाळेत लशीत जिवंत, घातक क्षयजंतू मिसळले होते. काल्मेत यांच्या जंतूचा दोष नव्हता. संबंधितांना शिक्षा झाल्या. पण सत्य बाहेर येईपर्यंतचा काळ सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने कसा काढला असेल? आपल्या हाफकिनांच्या वाट्यालाही हेच आले होते. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने गेली, खापर हाफकिनांवर फुटले आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. परळच्या ज्या इमारतीत लँब यांनी काल्मेत यांना चुकीचे ठरवले, तिथेच, त्याच वर्षी हे घडत होते. काल्मेत २९ ऑक्टोबर १९३३ रोजी पॅरिसला वारले. भारतात त्यांची लस बनवण्यासाठी १९४८ मध्ये मद्रासजवळ गिंडीला प्रयोगशाळा निघाली.

काल्मेत गेल्यावर चार वर्षांनी, १९३७ मध्ये, स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी विजेच्या प्रवाहात प्रथिने वेगळी करण्याचे उपकरण बनवले. याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. तत्त्व समजायला अवघड नाही. पंढरीच्या वारीत सगळे एकाच दिशेने निघतात, पण हलके, चपळ लोक पुढे जातात, बोजेवाले मागे राहतात. संध्याकाळी कोण कुठे मुक्कामाला आहे ते पाहिले की चाल कळते. जेलीच्या पातळ चकतीत विषाचा थेंब ठेवून वीज सोडली की प्रथिने वजनाप्रमाणे अशीच पांगतात, आणि रंग दिला की पट्ट्यापट्ट्यांत दिसतात. १९६३ मध्ये तैवानच्या चांग आणि ली यांनी अशाच पद्धतीने तिथल्या मण्यारच्या विषातून बुंगारोटॉक्सिन वेगळे काढले. त्याचा एक प्रकार स्नायूवरचे कुलूप बंद करतो, दुसरा मज्जातंतूचे टोकच निकामी करतो. मण्यारचा दंश झालेला माणूस लस देऊनही काही दिवस कृत्रिम श्वासावर का राहतो, याचे उत्तर त्या दुसऱ्या प्रकारात आहे. बिघडलेले टोक लसीने परत येत नाही, ते हळूहळू नव्याने उगवावे लागते. म्हणून रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाने पहाटे पोटात दुखते, पापण्या जड झाल्या म्हणून सांगितले, की सूज नाही, दातांची खूण नाही असे म्हणून थांबायचे नसते.

आता तर पट्ट्यांच्या पलीकडे मजल गेली आहे. पट्टीतले प्रथिन एन्झाइमने तुकडे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालतात, तुकड्यांची वजने मोजतात आणि ते कुठले प्रथिन हे संगणकातल्या नोंदींशी ताडून ओळखतात. एकेका सापाच्या विषातली डझनावारी प्रथिने अशी नावानिशी सांगता येतात. लसीतले प्रतिपिंड त्यांपैकी कुठले धरतात आणि कुठले सोडून देतात हेही दिसते. लँबची नळीच ही, फक्त डोळे तीक्ष्ण झालेले. त्यातून एक काळजीची गोष्ट पुढे आली. घोड्याचे शरीर मोठ्या प्रथिनांविरुद्ध भरपूर प्रतिपिंड बनवते, लहान प्रथिनांविरुद्ध कमी. नागाच्या विषातला मुख्य मारेकरी तर लहानच.

दुसरी काळजी भूगोलाची. भारतीय लसींसाठी लागणारे बरेचसे विष तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते, तिथल्या सापांचे. त्यांचे कसब अजोड आहे, त्यात वादच नाही. पण देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या घोणशींच्या आणि नागांच्या विषातली प्रथिने सारखी नसतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. शिवाय सह्याद्रीत हिरवा चापडा आहे, तो या चारांत नाही. काल्मेत यांना लँब यांनी जे सांगितले तेच आपल्याला आज, जातीऐवजी जिल्ह्याबद्दल, कुणीतरी सांगत आहे.

याचा अर्थ लस निरुपयोगी असा कुणी कृपा करून घेऊ नये. तिच्याशिवाय दुसरे औषधच नाही, आणि वेळेवर दिली तर ती माणसे वाचवते. गेली पंचवीस वर्षे मी ते पाहतो आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली असा अंदाज आहे. त्यांतली कितीतरी लसीपर्यंत पोहोचलीच नाहीत. आमच्याकडेही अजून कुणी आधी मांत्रिकाकडे जाऊन, करकचून दोरी बांधून, पायाचा रंग बदलल्यावर येतो. लस कमी पडते ती अशा रोग्यात आधी, आणि तिच्यातली प्रथिने जुळत नाहीत म्हणून त्यानंतर. एकदा रात्री उसाला पाणी पाजायला गेलेल्या एका तरुणाला घोणस चावली. शेतीची वीज रात्रीचीच होती, त्यामुळे जाणे भागच होते. तो अर्ध्या तासात आला, लस मिळाली, रक्तस्राव थांबला. तरी मूत्रपिंडे बंद पडली आणि डायलिसिससाठी कोल्हापूरला न्यावे लागले. लस थोडी अधिक जुळती असती तर ते टळले असते का, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तो बरा झाला, पुन्हा रात्री पाणी पाजायला जातो, मात्र आता गुडघ्यापर्यंत बूट घालून आणि बॅटरी घेऊन.

नातेवाईक बऱ्याचदा मारलेला साप प्लास्टिकच्या डब्यात घालून आणतात आणि याची लस कुठली ते विचारतात. साप आणू नका. त्याच्या मागे लागण्यात दुसरा दंश होतो आणि वेळ जातो. आम्हाला साप लागत नाही. रोग्याचे दोन मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरसे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नको, एवढेच पथ्य. घोणशीचे विष रक्ताच्या गोठण्यावर काम करते, हे लँब आणि हॅना यांनी परळला १९०२ मध्ये पाहिले होते. आमच्या अपघात विभागात भिंतीवरच्या घड्याळाखाली त्या नळ्यांचा स्टँड ठेवलेला असतो. पावसाळा सुरू झाला की त्यात नव्या नळ्या भरायच्या, हे परिचारिकेला आता सांगावे लागत नाही.